एअर रायफल आणि स्कोप घेताय? आधी अंतर मोजा, मग पैसे काढा

सोलापुरात बहुतेकांच्या खांद्याला बंदूक पहिल्यांदा लागते ती गड्ड्यावर. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, होम मैदानावर पाळणे, आणि पाळण्यांच्या कडेला फळीवर रांगेने लावलेले फुगे. बंदुकीची नळी झिजलेली, पुढचा साइट, म्हणजे नेम धरायचा खुंट, हलणारा, तरी फुगा फुटतो. कारण फुगा तळहाताएवढा आणि अंतर जेमतेम तीन-चार मीटर. घरी परतताना डोक्यात एकच गोष्ट बसते, की बंदूक म्हणजे जोर. पुढे स्वतःची एअर रायफल घ्यायची वेळ आली की माणूस तोच जोर विकत घ्यायला जातो. मीही तसाच गेलो होतो.

खोक्यावर सेकंदाला १२५० फूट असा ठळक आकडा होता, म्हणून ती रायफल घेतली. दुकानदाराने सुचवलेला स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, तिच्यावर चढवला. घराच्या मागच्या दारापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत माझ्याकडे १४ मीटर जागा आहे. त्या १४ मीटरवर पाच छरे चहाच्या बशीएवढ्या जागेत विखुरायचे, आणि दीडशेक छरे झाल्यावर स्कोपमधलं क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची फुली, आपोआप तिरकं झालं. दोन्ही वस्तू आपापल्या जागी ठीक असतील, पण एकमेकींशी आणि माझ्या १४ मीटरशी त्यांचा मेळ नव्हता. रायफलचा प्रकार, वेग, छरा, स्कोप, माउंट, मागची भिंत हे सगळं अंतरावरून ठरतं, हे त्यानंतर हळूहळू कळत गेलं. म्हणून दुकानात जाण्याआधी मोजपट्टी काढा.

मोजपट्टी आणि हेतू

तुम्ही रोज जिथे बसून नेम धरणार आहात ती जागा खरीखुरी मोजा. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका, अंगण नेहमी आहे त्यापेक्षा लांब वाटतं. दहा मीटरच्या खेळाची तयारी करायची असेल तर अंतर ठरलेलंच आहे, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे. घरच्या अंगणात कागदावर नेमबाजी करायची असेल तर १० ते २५ मीटर पुष्कळ झालं. स्वतःच्या शेतात, मागे मातीचा उंच बांध असेल तर ३०-४० मीटरचा विचार करता येतो. गच्ची मात्र मला पसंत नाही. तिथे लांबी मिळते, पण लक्ष्याच्या मागे भरीव काही नसतं. असते ती शेजाऱ्यांची पाण्याची टाकी आणि वाळत घातलेले कपडे.

हेतूबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण नान्नज-कासेगावकडचे द्राक्ष बागायतदार आणि सांगोल्याकडचे डाळिंबवाले हे नेहमी विचारतात. पाखरं हाकलायला किंवा ससे, मोर, डुकरं मारायला एअर रायफल घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि शिकार गुन्हा आहे, छऱ्याने केली तरी. शिवाय छऱ्याने जनावर लगेच मरत नाही. पंखात किंवा पोटात छरा घेऊन ते चार दिवस तडफडतं. बागेला जाळी लावा. नान्नजला तर माळढोकाचं अभयारण्य आहे, आणि परवानगीशिवाय कुठलंही शस्त्र घेऊन अभयारण्यात पाऊल ठेवणं हाच वेगळा गुन्हा आहे. ही रायफल कागदावर आणि डब्यावर नेम धरण्यासाठी आहे, एवढं मनाशी पक्कं असेल तरच पुढे वाचा.

कायद्याचे दोन आकडे

शस्त्र नियम २०१६ नुसार, नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल किंवा छऱ्याची ऊर्जा २० जूलपेक्षा जास्त असेल, तर परवाना लागतो. ४.५ मिलिमीटर म्हणजे बाजारात ज्याला ‘पॉइंट वन सेव्हन सेव्हन’ म्हणतात तो. ‘पॉइंट टू टू’, म्हणजे ५.५ मिलिमीटरची रायफल कोणी विनापरवाना देतो म्हणाला, तर तिथून उठा.

जूल कसे काढायचे? छऱ्याचं वजन किलोग्रॅममध्ये घ्या, त्याला वेगाच्या वर्गाने गुणा आणि निम्मं करा. ०.५४ ग्रॅमचा नेहमीचा छरा सेकंदाला २५० मीटरने सुटला तर ऊर्जा साधारण १७ जूल येते. तोच छरा २७२ मीटरने सुटला की २० जूलची रेषा आली. आता माझ्या खोक्यावरचे १२५० फूट बघा. ते होतात ३८१ मीटर. नेहमीच्या छऱ्याने हा वेग गाठला असता तर ३९ जूल झाले असते! जाहिरातीतले असे आकडे अतिहलक्या मिश्रधातूच्या छऱ्यांवर काढलेले असतात. आणि तो वेग मिळाला तरी उपयोगाचा नाही. हवेत आवाजाचा वेग साधारण ३४५ मीटर, आपल्याकडच्या मे महिन्यातल्या ४२ अंशांत ३५५ च्या पुढे. छरा त्या वेगाच्या आसपास गेला की डळमळतो आणि गट, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, फाटतो. कागदासाठी सेकंदाला १७० ते २५० मीटर हा उत्तम पट्टा आहे.

दुकानातून पक्कं बिल घ्या. त्यावर मॉडेल, व्यास आणि अनुक्रमांक लिहून घ्या आणि शक्य असेल तर ऊर्जेची नोंद असलेला उत्पादकाचा कागदही मागा. ओळखपत्राची प्रत द्यावी लागते. नेताना-आणताना रायफल रिकामी, बंद केसमध्ये, बिलाची झेरॉक्स बरोबर. शहरात पोलिस आयुक्तालयाचे मनाईआदेश अधूनमधून निघतात, सणासुदीला तर हमखास. त्या दिवसांत रायफल घरातून हलवूच नका. बिनपरवान्याची आहे म्हणून ती खेळणं ठरत नाही.

ताकद कुठून येते ते बघा

स्प्रिंगची रायफल सगळ्यात जास्त खपते. नळी मोडून किंवा खालचा दांडा ओढून स्प्रिंग दाबायची, चाप ओढला की पिस्टन सुटतो, पुढची हवा दाबतो आणि छरा ढकलतो. बाहेरून काही भरावं लागत नाही, दुरुस्ती सोपी, आणि नीट सांभाळली तर पोरांच्या पोरांपर्यंत टिकते. अवघडपणा आहे तो तिच्या धक्क्यात. पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे येते, पिस्टन आदळून थांबला की ती झटकन पुढे जाते, आणि हे सगळं छरा अजून नळीत असतानाच घडतं. म्हणून तुम्ही तिला कशी धरता यावर छरा कुठे लागणार हे ठरतं. तिला घट्ट आवळायचं नाही. पुढचा हात उघडा ठेवून तळव्यावर नुसती टेकवायची, दस्ता खांद्याला हलकेच लावायचा आणि तिला हवी तशी हलू द्यायची. वाळूच्या पिशवीवर टेकवायची असली तरी मध्ये हात ठेवायचा. ही पकड जमायला महिना जातो, पण ती जमली की हाताला आयुष्यभराचं वळण लागतं.

गॅस रॅममध्ये स्प्रिंगऐवजी दाबलेल्या वायूची नळी असते. ती ताणून ठेवली तरी ढिली पडत नाही, धक्का मात्र जास्त तीक्ष्ण असतो. नवख्याला मी ती सुचवत नाही.

तिसरी पीसीपी, म्हणजे आधीच भरलेल्या हवेवर चालणारी. रायफलच्या टाकीत साधारण २०० बार दाबाची हवा असते, धक्का जवळपास नाही, आणि अचूकतेत स्प्रिंगवाली तिच्या जवळ क्वचितच पोहोचते. पण हवा कुठून आणणार हे आधी ठरवा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारचा असतो, त्याचा काही उपयोग नाही. खास हातपंप लागतो, तो मारताना घाम निघतो. नाहीतर उच्च दाबाचा कॉम्प्रेसर. हे ध्यानात ठेवा: ऑक्सिजनच्या सिलिंडरवरून पीसीपी कधीही, कुठल्याही परिस्थितीत भरू नका. उच्च दाबाचा ऑक्सिजन आणि थोडंसं तेल-ग्रीस एकत्र आलं की टाकी फुटते. वेल्डिंगच्या दुकानातून ‘जरा हवा मारून’ देणाऱ्याला हात जोडा.

१४-१५ मीटरचं अंगण आणि कागद एवढंच असेल तर १०-१४ जूलची साधी, एकसारखी चालणारी स्प्रिंग रायफल घ्या. आपल्याच ठाणे जिल्ह्यात प्रेसिहोलसारखी कंपनी स्प्रिंगच्या आणि पीसीपी दोन्ही बनवते, त्यामुळे सुटे भाग आणि दुरुस्तीसाठी परदेशाकडे बघावं लागत नाही. जर्मन डायना किंवा वायराउख हाती घेतली की यंत्रकामाचा वेगळाच दर्जा जाणवतो. पण सील-स्प्रिंग कुठे मिळणार याचं उत्तर हातात असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

दुकानात काय तपासाल

पहिलं, अंगाला बसते का? डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर आरामात टेकवा आणि मग डोळे उघडा. डोळा साइटच्या रेषेत आलेला असला पाहिजे. मान ताणावी लागत असेल तर ती रायफल तुमच्यासाठी नाही. लहान चणीच्या मुलामुलींना चार किलोची रायफल देऊन ‘सवय होईल’ म्हणणं चूक आहे. सवय चुकीच्या पवित्र्याची होते.

दुसरं, ट्रिगर. पहिला टप्पा हलका, मग स्पष्ट अडथळा, मग काचेची काडी तुटावी तसा सुटला पाहिजे. घसटत, खरखरत येणारा ट्रिगर अचूक नळीचं मातेरं करतो. ट्रिगर तपासायला रिकामी स्प्रिंग रायफल मात्र उडवू नका. पुढे छरा नसेल तर पिस्टन थेट आदळतो आणि सील जातं.

तिसरं, नळीचा सांधा. नळी बंद करून डावी-उजवीकडे हलवून बघा, खटखट नको. जुनी रायफल घेत असाल तर हे सगळ्यात आधी. कित्येक घरांत आजोबांच्या काळातली आयएचपी ३५ ही देशी रायफल अजून आहे. चांगलं लोखंड, जाड लाकूड, नवं सील आणि स्प्रिंग घातली की ती पुन्हा उभी राहते. सांधा ढिला असेल किंवा नळी वाकलेली असेल तर मात्र पैसे घालू नका, ती भिंतीवर शोभेल.

छरे: खर्च इथे करा

दोन रायफली एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी बनलेल्या असल्या तरी त्यांना वेगवेगळे छरे मानवतात. म्हणून सुरुवातीला चार-पाच प्रकारचे डबे घ्या, ०.४५ ते ०.५८ ग्रॅमपर्यंतचे. चपट्या डोक्याचा छरा कागदात गोल स्वच्छ भोक पाडतो, १० मीटरसाठी तोच. १५ मीटरच्या पुढे गोल डोक्याचा हवेत स्थिर राहतो. टोकदार आणि पोकळ डोक्याच्या छऱ्यांचा कागदावर काही फायदा मला कधी दिसला नाही.

चाचणी अशी घ्या. नव्या रायफलमधून आधी दोन-तीनशे छरे जाऊ द्या. सुरुवातीला धूर येतो, तेलाचा वास येतो, तो कारखान्यातल्या तेलाचा. मग प्रत्येक प्रकारचे पाच-पाच छऱ्यांचे पाच गट, एकाच अंतरावर, एकाच पकडीने. प्रत्येक गटात सगळ्यात दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजा आणि त्यातून ४.५ मिलिमीटर वजा करा. तो गटाचा आकार. १० मीटरवर टेकवून मारलेला गट रुपयाच्या नाण्याखाली झाकला जायला हवा. नवा डबा आणला की आतले छरे पांढऱ्या कापडावर ओतून दबलेले, वाकडे वेगळे काढा. ‘एक चुकला’ म्हणतो तो बहुतेकदा वाकड्या छऱ्याने चुकलेला असतो. आणि छरे शिशाचे आहेत, काम झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

स्कोप: तीन गोष्टी, त्यात पहिली पॅरॅलॅक्स

स्कोपमध्ये बघताना डोळा थोडा डावीकडे-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकताना दिसलं तर तो पॅरॅलॅक्स. मोठ्या बंदुकांचे बरेच स्कोप १०० यार्डांवर, म्हणजे साधारण ९१ मीटरवर जुळवलेले असतात. असा स्कोप १४ मीटरवर लावला की चित्र धूसर दिसतंच, शिवाय डोळा कडेला सरकला तर सेंटिमीटरभराची चूक सहज होते. तुमची पकड, श्वास, ट्रिगर सगळं बिनचूक असूनही छरा दुसरीकडे, आणि तुम्ही दोष देणार रायफलला. म्हणून पुढच्या भिंगाच्या कड्याने किंवा डाव्या बाजूच्या चाकाने १० मीटरपर्यंत जुळवता येणारा स्कोपच घ्या. दुकानात रस्त्यापलीकडच्या पाटीवर बघू नका, ती शंभर मीटरवर असते आणि तिथे कुठलाही स्कोप छान दिसतो. दुकानाच्या आतल्या भिंतीवरची बारीक अक्षरं वाचून बघा.

दुसरी गोष्ट, धक्का. मघाशी सांगितलं तशी स्प्रिंग रायफल मागे येऊन पुढे उसळते. फक्त मागच्या धक्क्यासाठी बनवलेल्या स्कोपमधली भिंगं त्या उलट झटक्याने सुटतात. माझा पहिला स्कोप असाच गेला. खोक्यावर स्प्रिंगच्या एअर रायफलसाठी योग्य असल्याचं लिहिलेलं असेल तरच घ्या आणि हमीत ते येतं का विचारा. पीसीपीला ही अट नाही.

तिसरी, मोठेपणा. ३-९×४० म्हणजे तीनपट ते नऊपट, पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं. २५ मीटरपर्यंत यापेक्षा जास्त काही लागत नाही. १६-२४ पटीचा स्कोप लावून १४ मीटरवर बघाल तर छातीचा ठोकाही क्रॉसहेअरमध्ये दिसेल आणि नवखा माणूस त्याच्यामागे धावत ट्रिगर हिसकेल. साध्या ४×३२ ने शिकलेल्यांचा हात जास्त शांत असतो, असा माझा अनुभव आहे. रेटिकल, म्हणजे स्कोपमधली नेमाची खूण, मिल-डॉटचं म्हणजे ठिपक्यांचं असेल तर एवढं विचारून घ्या, की त्याच्या ठिपक्यांमधलं अंतर कोणत्या मोठेपणावर खरं असतं. बहुतेक स्कोपमध्ये ते एकाच मोठेपणावर असतं.

पैशांची वाटणी? रायफलच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास रक्कम स्कोप आणि माउंटसाठी बाजूला ठेवा. तेवढी नसेल तर स्वस्त स्कोप घेण्यापेक्षा सहा महिने साध्या साइटवर मारा. नुकसान काहीच नाही, उलट फायदा.

माउंट चढवणं आणि झिरो करणं

एअर रायफलच्या पाठीवर बहुधा ११ मिलिमीटरची खाच असते. काहींवर रुंद पिकाटिनी पट्टी असते. माउंट त्यानुसार घ्या, आणि कडी स्कोपच्या नळीच्या मापाची, म्हणजे २५.४ किंवा ३० मिलिमीटरची. स्प्रिंग रायफलवर दोन सुट्या कड्यांपेक्षा एकसंध माउंट बरं, आणि त्याला खाली अडकणारी पिन हवी. नाहीतर प्रत्येक छऱ्याबरोबर ते केसभर मागे सरकत जातं.

माउंट बसवलं, स्कोप कड्यांत सैल ठेवला की रायफल खांद्याला लावा. मोठेपणा सर्वात जास्त करा आणि पूर्ण गोल चित्र काळ्या कडेशिवाय दिसेपर्यंत स्कोप पुढे-मागे करा. डोळ्यापासून साधारण ८-९ सेंटिमीटर येतं. आता सरळपणा. समोरच्या भिंतीवर गवंड्याचा ओळंबा टांगा, दोरी स्थिर होऊ द्या आणि उभं क्रॉसहेअर दोरीवर तंतोतंत बसवा. रायफल स्वतः सरळ आहे का हे दुसऱ्या माणसाने मागून बघावं. मग कड्यांचे स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. ॲलन कीचा आखूड भाग हातात धरून जेवढा जोर लागतो तेवढाच. नळी चेपली तर स्कोप कायमचा गेला.

झिरो करताना, म्हणजे छरा क्रॉसहेअरवरच लागेल असा स्कोप जुळवताना, सरळ १४ किंवा २५ मीटरवर सुरुवात करू नका. आधी पाच मीटरवर मोठा कागद लावा, तीन छरे मारा, कुठे जातात ते बघा. कागदावर यायला लागले की ठरलेल्या अंतरावर या. पाच छरे मारा, गटाचा मधला बिंदू काढा, तो लक्ष्यापासून किती लांब ते मोजा आणि मगच नेम वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकवणारं स्कोपवरचं चाक फिरवा. एकेका छऱ्यामागे चाक फिरवणारा दिवसभर गोल गोल फिरत राहतो. बहुतेक स्कोपवर चाकाचा एक क्लिक, म्हणजे एक खटका, पाव एमओएचा असतो (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग). तो १० मीटरवर छरा पाऊण मिलिमीटरला थोडा कमी एवढा हलवतो, आणि १४ मीटरवर बरोबर १ मिलिमीटर. माझं अंगण तेवढंच असल्यामुळे हिशेब फार सोपा झाला: दोन सेंटिमीटर खाली लागतंय, तर वर वीस क्लिक. चाकावर ०.१ मिल (मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग) लिहिलं असेल तर १० मीटरवर एक क्लिक म्हणजे १ मिलिमीटर.

चाक शेवटापर्यंत फिरवूनही छरे खालीच लागत असतील तर स्कोपला दोष देऊ नका. नळी मोडून भरायच्या रायफलींची नळी बऱ्याचदा किंचित खाली झुकलेली असते. त्यासाठी मागून उंच असलेलं माउंट मिळतं, ते घ्या. टोकाला नेलेलं चाक धक्क्याने सरकत राहतं.

आणखी एक. स्कोप नळीच्या साधारण साडेचार सेंटिमीटर वर बसतो, त्यामुळे छरा खालून वर चढतो आणि पुन्हा उतरतो. २५० मीटर वेगाची रायफल २५ मीटरवर झिरो केली तर १८ ते २५ मीटरमध्ये छरा जवळपास रेषेवरच राहतो, पण १० मीटरवर तो सव्वा सेंटिमीटर खाली लागतो. म्हणजे जवळच्या लक्ष्यावर वर धरायचं. नवख्यांना हे उलटं वाटतं. एकदा ५, १०, १५, २०, २५ मीटरवर मारून आकडे लिहा आणि चिठ्ठी दस्त्याला चिकटवा.

छरे अडवायची पेटी आणि भिंत

उघड्या दगडी भिंतीवर किंवा लोखंडी पत्र्यावर मारू नका, छरा उलटून डोळ्यावर येतो. लाकडी किंवा जाड प्लायची दीड फुटी पेटी करा, मागच्या बाजूला पोलादी पत्रा, आणि आत कापडाच्या चिंध्या गच्च ठासून भरा. आपल्याकडे त्याला तोटा नाही. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांतून आणि चादर-टॉवेलच्या यंत्रमागांवरून चिंध्या किलोवर मिळतात, आणि सुती चिंध्यांत छरा विलक्षण शांतपणे थांबतो. पुढे पुठ्ठा, त्यावर कागद. महिन्यातून एकदा पेटी रिकामी करून शिसं वेगळं काढा. पेटीच्या वर आणि बाजूंना जाडजूड सोलापुरी चादर सैल टांगून ठेवली की चुकलेला छराही तिच्यात जिरतो. तरीही मागे भरीव भिंत हवीच. चुकलेला छरा शंभर-दोनशे मीटर सहज जातो.

समोरच्या बाजूला दार, गेट, गल्ली काहीही नको. सगळ्यांनी चष्मे घालायचे, बघणाऱ्यांनीसुद्धा. छरा भरताना मोडलेली नळी एका हाताने धरूनच ठेवायची. चाप चुकून सुटला तर नळी अशी उसळते की बोटं जातात. ताणलेली रायफल भिंतीला टेकवून ‘आलोच’ म्हणत आत जायचं नाही. मुलं घरात असतील तर रायफल एका कपाटात, छरे दुसऱ्या कपाटात, दोन्हींना कुलूप.

उन्हाळा आणि धूळ

एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत पीसीपी ठेवू नका. २५ अंशांना २०० बार भरलेली टाकी गाडीतल्या ६५ अंशांत सुमारे २२७ बारवर जाते. स्प्रिंगच्या रायफलमध्ये पिस्टनच्या पुढे शिलाई मशीनचं किंवा खोबऱ्याचं तेल घालणारे बरेच भेटतात. ते करू नका. दाबलेल्या गरम हवेत तेल पेटतं, फट्‌कन मोठा आवाज होतो, छरा सुसाट जातो आणि सील जळतं. बाहेरून लोखंडाला तेलाचा पुसट हात पुरे, कारण घामाचा हात लागला की एका पावसाळ्यात गंज धरतो. स्कोपच्या भिंगावरची धूळ आधी ब्रशने उडवा, मग मऊ कापड. शर्टाच्या टोकाने पुसलं तर आपल्या माळावरची धूळ काचेवर कायमच्या रेघा ओढते. नळी रोज साफ करायची नसते. गट फुटायला लागले तरच फेल्टची गोळी दोन-चारदा आतून काढा.

खेळाकडे जायचं असेल तर स्कोप काढून ठेवा

घरातलं कोणी मूल म्हणालं, की मला स्पर्धेत उतरायचंय, तर वरचा स्कोपचा सगळा खर्च थांबवा. १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत स्कोप चालत नाही. बारीक भोकाचा पीप साइट असतो, आणि राज्य पातळीवर नवख्यांसाठी साध्या ओपन साइटचा गटही असतो. ७५ मिनिटांत ६० छरे, उभं राहून. लक्ष्याचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा आणि मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. तिचा वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास असतो, म्हणजे आठेक जूल. माझ्या त्या १२५० फुटांच्या रायफलपेक्षा निम्म्याहून कमी वेग! अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण याच प्रकारात जिंकलं, आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला याच प्रकारात जगज्जेता झाला.

माझी पुतणी बारा वर्षांची असताना तिला मी माझी स्कोपवाली रायफल दिली होती. दोन महिन्यांनी तिच्या प्रशिक्षकांनी पहिलं काम केलं ते म्हणजे रायफल बाजूला ठेवायला लावली आणि पंधरा दिवस नुसतं उभं राहायला शिकवलं. म्हणून स्पर्धेसाठी आधी क्लब, मग क्लबची रायफल, आणि वर्षभराने स्वतःची. पहिल्या दिवशी जाताना सपाट तळाचे बूट, चष्मा, जाड कपड्याची अंगाला घट्ट बसणारी बंडी आणि एक वही घेऊन जा. वहीत रोज तारीख, छऱ्याचं नाव आणि पाच-पाचच्या गटांचे आकडे लिहायचे. तिच्या पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर ३१ मिलिमीटर लिहिलेलं आहे, शेवटच्या पानावर ९.